प्रयत्न सोडणारा मासा

कामगारांत वावरणाऱ्या माणसाने माशाच्या मेंदूत कशाला शिरावे, असे काहींना वाटेल. पण पुष्कळ धडपडीनंतर माणूस हातपाय गाळून का बसतो, हा प्रश्न मला संपांच्या दिवसांत वारंवार पडला. लोक त्याला आळशी म्हणून मोकळे होतात. या प्रश्नाचा एक धागा एका माशाच्या पिल्लाने हाती दिला आहे.

हा झेब्रा मासा मूळचा आपल्याच बाजूचा. गंगेच्या खोऱ्यातील मासे वर्णिताना हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याची नोंद केली. आठवड्याचे पिल्लू जेमतेम ४ मिलिमीटर लांब आणि काचेसारखे पारदर्शक. मेंदूत सुमारे १ लाख मज्जापेशी; आपल्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी. पेशी कामाला लागली की उजळणारे प्रथिन तिच्यात निर्माण करता येते. मग कवटी न उघडता जिवंत मेंदूचे काम सूक्ष्मदर्शकातून दिसते.

अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स यांच्या गटाने केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लाचे स्नायू औषधाने शिथिल करून शेपटीकडे जाणारे विजेचे संदेश टिपले. म्हणजे पोहण्याची आज्ञा सुटे, शेपूट हलत नसे. आज्ञा सुटली की खालच्या पडद्यावरील पट्टे मागे सरकवीत. पिल्लाला वाटे, आपण पुढे चाललो. मग पट्टे सरकवणेच बंद केले. पिल्लाने आधी जोर वाढवला, आणि बरेच प्रयत्न फुकट गेल्यावर ते थांबले.

थांबवले कोणी? नॉरॲड्रेनॅलिन सोडणाऱ्या मज्जापेशी अपेक्षा आणि घटना यांतली तफावत ओळखून ‘ग्लिया’ पेशींना कळवतात. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत सरस. मज्जापेशींना धरून ठेवणारा मालमसाला, एवढीच त्यांची प्रतिष्ठा दीर्घकाळ होती. (बिनहुद्द्याच्या माणसांविषयी कचेऱ्यांत असेच समजतात.) फसलेल्या प्रयत्नांचा हिशेब ठेवतात त्या याच. प्रयत्नागणिक त्यांच्यातील कॅल्शियम वाढत जाते; पुरेसे साठले की पोहणे रोखणाऱ्या मज्जापेशी चेततात. लेझरने या ग्लिया निकामी केल्या, तेव्हा पिल्लू प्रयत्न सोडीना. उलट त्या मुद्दाम चेतवल्या, तेव्हा ते पोहायचे थांबले.

माणसाच्या हताशपणाचे हेच कारण, असे मी म्हणणार नाही. माणसामागे कर्ज असते, घरची चूल असते, शेजाऱ्याचा शब्द असतो. पिल्लामागे यातले काही नाही. तरी इतके दिसते की ते थांबते तेव्हाही त्याचा मेंदू कामात असतो. आणि काही वेळाने तेच पिल्लू आपणहून पुन्हा पोहण्याची आज्ञा सोडून पाहते.