अंडं उबवायचंय? मग काळेवाडीत पायी फिरा!

'पोकेमॉन गो' भारतात अधिकृतपणे आला डिसेंबर 2016 मध्ये, जिओच्या साथीने. जगभरातली लाट तोवर ओसरत होती, पण खेळ अजून सुरू आहे आणि मी तर म्हणेन, चालायला लावण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

खरी गंमत खेळात मिळणाऱ्या अंड्यांत आहे; ती चालून उबवायची असतात. कुठलं अंडं 2 किलोमीटरला फुटतं, कुठलं 5, तर कुठलं 10. तापकीर चौकातून निघा, पवना नदी ओलांडा, चिंचवडगावात मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापर्यंत जा आणि चालतच परत या. 5 किलोमीटरच्या अंड्याचं बरंचसं काम झालेलं असेल. स्कूटरवरून अंडं उबवू म्हणाल तर जमणार नाही! ताशी साधारण 10 किलोमीटरच्या वर वेग गेला की अंतर धरलंच जात नाही. 'ॲडव्हेंचर सिंक' चालू ठेवलं तर ॲप बंद असतानाही पावलं मोजली जातात, म्हणजे फोन खिशात आणि नजर रस्त्यावर. आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये हे हवंच.

पोकेस्टॉप, म्हणजे खेळातल्या वस्तू मिळण्याच्या जागा, शक्यतो देऊळ, पुतळा, उद्यान अशा ठिकाणी असतात. वरच्या लेव्हलचे खेळाडू नवी जागा सुचवू शकतात. खासगी घर किंवा शाळा मात्र चालत नाही.

व्यायामाचं म्हणाल तर 2016 च्या 'बीएमजे'मधला अमेरिकेतल्या तरुणांचा अभ्यास बघा: खेळ सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात रोज सरासरी 955 पावलं वाढली, सहाव्या आठवड्यात पुन्हा जैसे थे. म्हणून उत्साह टिकवायला जोडीला कुणीतरी घ्या. मोठ्या रेड, म्हणजे ताकदवान पोकेमॉनशी होणाऱ्या सामूहिक लढती, एकट्याने जिंकता येतही नाहीत. रविवारी सकाळी कोण येतंय?