चालीची शाळा

संगीत रचण्यासाठी मराठीत एक क्रियापद नाही, तीन आहेत. बंदिश ‘बांधतात’, चाल ‘लावतात’ आणि सिनेमाला संगीत ‘देतात’. तिन्हींचे मानकरी कोल्हापुरात राबून गेले. त्यांतला एकही रचनेची पदवी घेऊन आलेला नव्हता.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. तिथं संगीत आणि नाट्यशास्त्र यांचा एकत्र विभाग आहे. पण आपल्याकडच्या संगीताच्या पदव्या मुळात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी घडल्या. हा साचा रुजवणारा माणूस याच जिल्ह्यातला, कुरुंदवाडचा. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्ग, स्वरलिपी, परीक्षा, पदवी अशी शिस्त गाण्याला लावली. उपकार फार मोठे, यात वाद नाही. मात्र परीक्षेत मोजता येतं ते शिकवलेलंच. राग ओळखला का, ताल सांभाळला का, हे परीक्षकाला कळतं. काल कुणीच न ऐकलेल्या मुखड्याला गुण किती द्यायचे?

मग चाल लावायला लोक शिकले कुठं? गोविंदराव टेंबे यांच्याकडे बघावं. जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. त्या काळी शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारी होते, १८८३ पासूनचा गाण्याचा देवल क्लबही होता. शहरात कानावर पडायला भरपूर होतं. टेंबे वाजवायचे पेटी, भास्करबुवा बखल्यांना साथ करायचे. साथीला बसणं ही विद्या लोकांना दुय्यम वाटते. मला वाटतं, रचनाकारासाठी त्याहून कडक शाळा नाही. गवई पुढची जागा कुठं घेणार, याचा अंदाज पेटीवाल्याला आधी बांधावा लागतो. अंदाज चुकला तर भर मैफलीत कळतं. रोज दुसऱ्याच्या डोक्यातली चाल ओळखायची सवय लागली की कधीतरी स्वतःच्या डोक्यातली ऐकू यायला लागते.

किर्लोस्करी परंपरेत नाटककार ओळखीच्या चालीवर पद लिहायचा. जुन्या नाटकांची पुस्तकं उघडून पाहा, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच गाण्याचा उल्लेख छापलेला असतो. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला १९११ मध्ये चाली दिल्या त्या टेंब्यांनी. त्या काही शून्यातून आलेल्या नव्हत्या. पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याची वळणं त्यांनी मराठी शब्दांच्या अंगावर बेतली. याला कुणी उसनवारी म्हणेल, पण शिंपीसुद्धा कापड विणत नाही.

पुढे १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला, तोही कोल्हापुरातच तयार झालेला. पार्श्वगायनाची सोय अजून आली नव्हती. टेंबे त्यात हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. म्हणजे चाल लावायची, पाठ करायची आणि कॅमेऱ्यापुढं उभं राहून गायची. वाजवणारे कुठंतरी चौकटीबाहेर. आपल्याच गळ्याला झेपणार नाही अशी चाल लावण्याची चैन परवडत नसे. त्याच ‘प्रभात’मध्ये पडेल ते काम करत एक पोरगा वावरत होता, पुढं संगीतकार झालेला वसंत देसाई.

रचना शाळेत शिकवतात ती पश्चिमेकडे. पॅरिसचं कॉन्झर्व्हेटरी १७९५ सालचं. तिथल्या परंपरेत विद्यार्थी नेमून दिलेले स्वाध्याय लिहून आणतो, गुरू त्यावर रेघा ओढतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत आज विद्यार्थ्याची रचना वाजवून घेण्याचीही सोय असते, आणि खरं शिक्षण तिथंच होतं. कागदावर गोड वाटलेली जागा बासरीवाल्याच्या दमात बसत नाही, हे कळायला बासरीवालाच लागतो. आपल्याकडे ही जागा नाटकाच्या तालमीची होती. पद लांबलं की नट कुरकुरायचा, पडलं की प्रेक्षक. म्हणून शिवाजी विद्यापीठातल्या विभागाच्या नावात संगीताशेजारी नाट्यशास्त्र आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. रचनेचा अभ्यासक्रम आखायचा झाला तर तो वेगळ्या खोलीत भरवू नये. संगीताच्या मुलांना नाटकाच्या मुलांनी काम सांगावं: परवा तालीम आहे, दुसऱ्या अंकाला गाणं हवंय, आणि गाणारीला वरचा षड्ज लागत नाही.

सुधीर फडक्यांचं उदाहरण याच अंगानं बघण्यासारखं आहे. जन्म कोल्हापूरचा, १९१९ चा. गाण्याची तालीम इथंच वामनराव पाध्यांकडे झाली. ती गळ्याची तालीम. रचनेची कसोटी लागली पुणे आकाशवाणीवर. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. माडगूळकरांचं गीत हाती आलं की त्याला चाल लावायची, गायक-गायिकांकडून बसवून घ्यायची आणि ठरल्या दिवशी प्रसारित करायची. पुढच्या आठवड्याला पुन्हा पहिल्यापासून. गाणाऱ्यांत माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या. प्रत्येकाचा गळा वेगळा, प्रत्येक गीतातलं बोलणारं पात्र वेगळं. सुचलं नाही म्हणून सुटी नाही.

एका रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत, असा बेत होता. एरवी ५२ गाण्यांत वर्ष उरकलं असतं. त्या वर्षी पंचांगात अधिक भाद्रपद आला आणि गाणी ५६ झाली.