पाण्यात पुसला जाणारा नंबर

मायनस पाच नंबरच्या डोळ्याला चष्म्याशिवाय वीस सेंटिमीटरपर्यंतचेच नीट दिसते. हिशेब सोपा आहे: एक मीटरला नंबराने भागायचे. मायनस दोनला अर्धा मीटर, मायनस चारला पंचवीस सेंटिमीटर. चष्मा टॉवेलात गुंडाळून काठावर ठेवला की पुण्याच्या टिळक तलावावर काय किंवा बालेवाडीच्या ५० मीटर लांबीच्या तलावात काय, अशा डोळ्यांचे पोहणे अंदाजानेच चालते. खोली सांगणारा काठावरचा आकडा पुसट, प्रशिक्षकाचे हातवारे म्हणजे हलणारा डाग, आणि मे महिन्याच्या गर्दीत मुटका मारायला कोण उभे आहे, हे तो शेजारी येऊन आदळेपर्यंत कळत नाही. बाहेर आल्यावर आपला टॉवेल कोणता, तेही रंगावरून ओळखायचे.

डोके पाण्याखाली गेले की मात्र चष्मेवाल्याची आणि चांगल्या नजरेच्या माणसाची सारखीच फजिती होते. डोळ्यात भिंग आहे हे शाळेत शिकवतात, पण किरण वळवण्याचे मोठे काम त्या भिंगाकडे नसते. ते करते बुबुळासमोरचे काचेसारखे पारदर्शक पारपटल. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर (नंबराचेच एकक) शक्तीतला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा त्याचा. ही शक्ती त्याच्या गोलाईवर जितकी, तितकीच समोरच्या हवेवर अवलंबून असते. हवेचा अपवर्तनांक १, पारपटलाचा १.३७६, म्हणून किरण चांगले वळतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, म्हणजे पारपटलाच्या इतका जवळचा की किरण जवळजवळ सरळच आत शिरतात. सुमारे ४३ डायॉप्टर एका डुबकीत गळून पडतात आणि चांगला डोळाही प्लस त्रेचाळीसचा होऊन बसतो. मायनस पाचवाल्याची तूट ३८ च्या घरात राहते, म्हणजे कागदावर तोच थोडा सरस. अर्थात अडतीस काय आणि त्रेचाळीस काय, तळाच्या फरशीवर पडलेली किल्ली दोघांनाही सापडत नाही.

ही तूट शरीराला अगदीच भरून काढता येत नाही, असे नाही. अंदमान समुद्रातल्या बेटांवर राहणाऱ्या मोकेन जमातीची मुले पाण्याखाली उघड्या डोळ्यांनी शिंपले शोधतात. स्वीडनच्या अ‍ॅना गिस्लेन यांनी २००३ मध्ये दाखवले की ही मुले पाण्यात बाहुली दोन मिलिमीटरच्याही आत आवळतात आणि भिंगाला पूर्ण ताकद लावतात. युरोपीय मुलांच्या दुप्पट बारकावा त्यांना दिसतो.

बाकीच्यांसाठी गॉगल आहे. त्याचे काम एवढेच की डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा धरून ठेवायचा. पारपटलाला त्याची हवा परत मिळाली की त्याची शक्तीही परत येते. फक्त तळ खरा असतो त्याच्या पाऊण अंतरावर भासतो आणि वस्तू तेवढ्या प्रमाणात मोठ्या दिसतात. हवा परत आली की चष्म्याचा नंबरही परत येतो, म्हणून नंबरचे गॉगल लागतात. त्यांची काच बाहेरून सपाट आणि आतून वक्र असते, त्यामुळे नंबर पाण्यात आणि पाण्याबाहेर एकसारखा लागू पडतो. तयार गॉगल अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात, पण त्यांत सिलिंडर, म्हणजे तिरप्या दृष्टिदोषाचा नंबर, नसतो. ज्याला तो आहे, त्याने सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवायचा: मायनस चार आणि मायनस एक सिलिंडर असेल, तर साडेचारचा गॉगल.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून पोहणे मात्र वाईट. मऊ लेन्स स्पंजासारखी पाणी शोषते आणि अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्मजीवाला थेट पारपटलाशी चिकटवून ठेवते. तलावात असते तेवढ्या क्लोरीनने त्याचे कवचातले रूप मरत नाही. त्याची लागण वेदनादायक असते, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजर कायमची जाऊ शकते.

नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत पारपटलाचा पुढचा पृष्ठभाग चपटा करतात. १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर जैविक ऊती न जाळता काटेकोर कापतो, हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांना सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर दिसले. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारपटलातून मायनस पाचसाठी मध्यभागी साधारण ६० मायक्रॉन झिजवावे लागतात. आता तोच पृष्ठभाग, ज्याची शक्ती पाणी पुसून टाकते! हवेत पाच डायॉप्टरचा फरक पाडणारे ते चपटेपण पाण्याखाली जेमतेम अर्ध्या डायॉप्टरचे उरते. म्हणून लेसरनंतर तलावावर परतलेल्याला काठावरचे घड्याळ लख्ख दिसते, पण गॉगल काढून बुडी मारली की पूर्वीइतकेच धूसर. शस्त्रक्रिया फसली, असा समज इथे होतो; ती फसलेली नसते.

परतायचे कधी, हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते. लॅसिकमध्ये पारपटलाचा वरचा पातळ फ्लॅप उचलून पुन्हा बसवतात. त्याची कड एक-दोन दिवसांत पेशींनी झाकली जाते, पण आतला जोड मूळच्या इतका घट्ट कधीच होत नाही; जोरात कोपर लागला तर तो पुढेही सरकू शकतो. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो, मात्र सोललेला थर भरून येईपर्यंत चार-पाच दिवस पट्टीसारखी लेन्स ठेवतात. स्माइल या तिसऱ्या प्रकारात चीर दोन ते चार मिलिमीटरची. सर्वसाधारणपणे आठवडाभर आंघोळीचे पाणीही डोळ्यात जाऊ द्यायचे नाही, तलाव दोन ते चार आठवड्यांनी आणि तोही गॉगल लावूनच, असे सांगितले जाते. खडकवासल्याचे साचलेले पाणी किंवा गावची विहीर आणखी उशिरा. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीतच पोहायला शिकलेल्यांना हा नियम जाचक वाटेल, पण त्या पाण्यात क्लोरीनही नसतो. शिवाय लेसरने कापलेल्या नसा पुन्हा वाढेपर्यंत काही महिने डोळे कोरडे पडतात. तलावाचे पाणी अश्रूंपेक्षा कमी खारट असल्याने ते अश्रूंचा थर धुऊन नेते. पोहल्यावरच्या लालीला मात्र क्लोरीन एकटा जबाबदार नसतो. घाम आणि लघवीशी त्याचा संयोग होऊन तयार होणारी क्लोरामाइन्स अधिक झोंबतात.

लेसर डोळ्याची लांबी बदलत नाही. मायनस सहाच्या पुढचा डोळा लांबट असतो आणि त्याचा आतला पडदा ताणलेला. नंबर गेला तरी तो ताण तसाच राहतो. त्यामुळे उंच फळीवरून सूर मारणाऱ्यांनी पडद्याच्या कडा तपासून घ्याव्यात. अचानक ठिणग्या चमकल्या, काळे ठिपके तरंगू लागले किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास उजेड सोसत नाही आणि जवळचे वाचता येत नाही, तेव्हा त्या दिवशी तलावही बंद आणि दुचाकीही.