यात्रेतल्या जेवणाचा हिशोब : एक चमचा तेल म्हणजे लेण्याद्रीची एक चढण

नारायणगाव : गुढीपाडवा झाला की जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात यात्रांचा हंगाम सुरू होतो. आज आपल्या गावची, परवा मामाच्या गावची, पुढच्या आठवड्यात व्याह्यांकडची. मध्येच लग्नाच्या तिथी. बऱ्याच गावांत पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत असतो. कुठं मासवडी-रस्सा असतो. पाहुण्याच्या ताटात 'अजून एक' पडल्याशिवाय यजमानाचं समाधान होत नाही, आणि नको म्हणणाऱ्या पाहुण्याचा लगेच रुसवा धरला जातो.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी अनेक जण बूट घालून निघतात. कोणी शिवनेरी गाठतो, कोणी लेण्याद्री, कोणी हायवेच्या कडेने झपाझप चालतो. खिशातला मोबाईल पावलं मोजतो, कॅलरी दाखवतो. 'काल लई झालं होतं, आज फिटलं' असं म्हणून पुढच्या गावच्या यात्रेचं आमंत्रण घेतलं जातं. आता हे खरंच फिटतं का, ते आकड्यांत बघू.

कॅलरी म्हणजे अन्नातली उष्णता मोजायचं माप. आहाराच्या भाषेतली एक कॅलरी म्हणजे एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता. एक ग्रॅम पिठूळ किंवा गोड पदार्थातून साधारण ४ कॅलरी मिळतात, प्रथिनांतूनही ४, पण तेला-तुपातून ९. यात्रेच्या जेवणाचा सगळा घोळ या नवाच्या आकड्यात आहे.

पुरणपोळी घ्या. एका मोठ्या पोळीला ३० ग्रॅम हरभरा डाळ, ३० ग्रॅम गूळ आणि ३० ग्रॅम कणीक धरली, तर तिन्हीच्या १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे कॅलरी, म्हणजे पोळी झाली ३१५ ची. वरून चहाचा एक चमचा तूप, म्हणजे ४५. एक पोळी ३६०, दोन पोळ्या ७२०. कटाची आमटी, भजी, कुरडई आणि भात धरला तर ताट बाराशेला सहज जातं.

मासवडीत मासा नसतो हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे, त्यामुळं ती हलकी असा एक समज आहे. बेसन घाटून, कापडावर थापून, आत तीळ, सुकं खोबरं, शेंगदाणे, लसूण यांचं सारण भरायचं. बेसन ठीक आहे, पण सारणातले जिन्नस तेलाचेच साठे आहेत. त्यांच्या १०० ग्रॅमला साडेपाचशे ते साडेसहाशे कॅलरी. एका ताटात ५० ग्रॅम बेसन, ४० ग्रॅम सारण आणि रश्श्यातलं तीन चमचे तेल धरलं, तर साडेपाचशेच्या आसपास. बाजरीची दीड भाकरी जोडली की साडेआठशेच्या पुढं. मटणाचंही तसंच. बोकडाचं मटण स्वतः फार जड नसतं, जड असतो तो वरचा तवंग, आणि तोच वाटीत यावा म्हणून वाढप्याला खूण केली जाते.

आता दुसरी बाजू. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. एक पायरी वीतभर धरली तर चढ झाला साधारण ६० मीटरचा. ६५ किलोच्या माणसाला तेवढं वर जायला शरीर सुमारे ४० कॅलरी खर्च करतं, उतरताना आणखी थोड्या. धाप लागते, घाम निथळतो, पाय थरथरतात, पण खर्च मात्र एका चमचा तेलाएवढा. दोन पुरणपोळ्या फेडायच्या तर लेण्याद्री पंधरा-सोळा वेळा चढावी लागेल.

सपाटीवर चालण्याचं गणितही असंच निराश करणारं आहे. ६५ किलोचा माणूस तासाभरात पाच किलोमीटर चालला तर साधारण २३० कॅलरी जळतात. पण त्यातल्या ६०-७० तर तो तास खाटेवर पडून काढला असता तरी जळाल्याच असत्या. चालण्याच्या म्हणून १६० उरतात. मोबाईलमधली अनेक ॲप दोन्ही एकत्र करून मोठा आकडा दाखवतात, आणि माणूस खूश होऊन एक वडापाव जास्त खातो. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तोसुद्धा कुठल्या डॉक्टरी तपासणीतून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता.

यात्रेच्या एका दिवसात गरजेपेक्षा ११०० कॅलरी जास्त गेल्या असं धरा. त्या नुसत्या चालून फेडायला जवळपास सात तास लागतील. नारायणगावहून मंचरला चालत जाऊन परत चालत आलं तरी थोडं कमीच पडेल.

पण घाबरायचंही कारण नाही. एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे ११०० मुळं वाढली ती जेमतेम दीडशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो, ते बरंचसं मीठ आणि पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. एका यात्रेनं कोणी जाड होत नाही. यात्रा झाल्यावर जे रोजचं जेवण चालू राहतं, त्यानं होतं.

इथं खरी अडचण आहे, आणि ती यात्रेपेक्षा जुनी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये गरजेचे आकडे दिले. अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० कॅलरी लागतात, मध्यम कामाला २७१०, आणि बैठ्या कामाला २११०. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात १३६० चा फरक आहे, म्हणजे रोज एक यात्रेचं जेवण. आजोबा बैलाच्या नांगरामागं दिवसभर चालायचे, मोट हाकायचे, बाजारालाही पायीच जायचे. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी ठिबकनं जातं, मोटार मोबाईलवरून चालू होते आणि मळ्यापर्यंत दुचाकी जाते. काम सुटलं ते बरंच झालं, त्या कष्टांत काही मोठेपणा नव्हता. पण ताट मात्र आजोबांच्या मापाचंच राहिलं, त्यात साखर आणि तेल उलट वाढलं.

याचा परिणाम दिसू लागला आहे. याच वैद्यकीय परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, असा अंदाज त्यात आहे. मधुमेहाचं प्रमाण अजून शहरात जास्त आहे. मात्र उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळपास सारखंच निघालं. शुगर हा शहरी लोकांचा आजार, असं पारावर अजूनही बोललं जातं.

मग करायचं काय? बैलगाडा मालकांकडं बघा. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अटींसह परवानगी दिली आणि घाट पुन्हा गजबजले. या मालकांचा बैल शर्यतीच्या आदल्या दिवशी एकदम पळवून कोणी तयार करत नाही. त्याचा खुराक मोजलेला असतो, सराव ठरलेला असतो आणि शर्यत नसलेल्या दिवशीही दोन्ही चालू असतं. मालक स्वतः मात्र शेडखाली बसून तिसरी पोळी घेतो.

तोच हिशोब माणसाला लावला तर यात्रेच्या ११०० कॅलरी चार साध्या दिवसांत फिटतात. रोज अर्धा तास चालणं, म्हणजे ८०. दोन चमचे साखरेचे सहा कप चहा घेत असाल तर तीनच घ्या, १२० वाचल्या. भाजी-आमटीतलं आपल्या वाट्याचं तेल दोन चमच्यांनी कमी झालं की आणखी ९०. एका दिवसाला २९० झाले, चार दिवसांत साडेअकराशे. यातला चालण्याचा वाटा लहान आहे, ताटाचा मोठा.

तरीही चालायचंच, पण वेगळ्या कारणासाठी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं पाय हलवले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतर चढणारी शुगर कमी चढते. पंगतीतून उठून थेट गाडीवर बसण्यापेक्षा मंदिरापासून कुस्तीच्या आखाड्यापर्यंत चक्कर मारली तर तेवढंच पुरतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी हालचाल सांगते, ती रक्तदाब, हृदय, झोप या सगळ्यासाठी.

दोन चुका मात्र अंगलट येतात. पहिली, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कडक उपवास. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी औषध घेऊन जेवण टाळलं आणि वर उन्हात चालले, तर साखर एकदम खाली जाते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधारी ही त्याची लक्षणं. शुद्धीत असेल तर लगेच साखर-पाणी द्यायचं, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. दुसरी चूक, वर्षभर न चालणाऱ्यानं एप्रिलच्या उन्हात एकदम गड चढायला घेणं. चढताना छातीत दाब किंवा जबड्यात कळ आली तर तिथंच थांबायचं आणि मदत मागायची. 'पित्त असेल' म्हणत वरचा दरवाजा गाठायचा नाही.

हे सगळं कमी खाण्याचं बोलणं कांदा लागवडीला, खुरपणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईला लागू नाही. जड काम करणाऱ्या महिलेची गरज २७२० कॅलरींची आहे आणि बैठ्या महिलेची १६६० ची. यात्रेच्या घरी पहाटेपासून चुलीपुढं असणारी आणि सगळी पंगत उठल्यावर उरलेलं खाणारी पण तीच असते. तिच्या ताटात पोळी कमी करायची नाही, डाळ, उसळ, दूध, अंडं वाढवायचं.

आपण नेमके कुठं आहोत, हे कळायला शिंप्याची टेप पुरते. बेंबीच्या पातळीला पोट मोजा. पुरुषाचं ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या पुढं आणि बाईचं ८० च्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढं असेल तर शुगर तपासून घ्यावी. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब-शुगर तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंकडं चौकशी केली तरी चालते.

आणि घरातल्या तेलाचा अंदाज घ्यायला ॲपसुद्धा लागत नाही. पाच लिटरचा कॅन फोडला की त्यावर पेनाने तारीख लिहायची. दिवसाला माणशी २५ ते ३० ग्रॅम तेल पुरे धरलं, तर पाच माणसांच्या घरात तो कॅन महिनाभर गेला पाहिजे. वीस दिवसांत संपला, तर घरातला प्रत्येक जण रोज तीन चमचे जास्त खातोय.