फड तुटल्यावर बिबट्या कुठे जातो?

दसरा झाला की तेलगावच्या चौकात ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याची पिंपे, धान्याची पोती, एखादी शेळी आणि सामानाच्या ढिगावर बसलेली लेकरे. धारूर, माजलगाव, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पुढचे पाच-सहा महिने या कोयत्याचे घर म्हणजे फडाजवळ उभारलेली कोपी.

त्याच उसात आणखी एक कुटुंब राहत असते. बिबट्याची मादी आणि तिची बछडी. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या भागांत काम केलेल्या टोळ्यांना हे सांगावे लागत नाही. मात्र या शेजाऱ्याबद्दल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातच जे संशोधन झाले, ते शास्त्रज्ञांपर्यंत आणि वनखात्यापर्यंत जितके पोहोचले, तितके कोपीपर्यंत पोहोचलेले नाही. सर्वांत जास्त धोका मात्र कोपीलाच आहे.

उन्हाळ्यातले हिरवे रान

बिबट्या जंगल सोडून उसात का आला, हा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या जंगलाच्या स्वभावात आहे. तेलगावच्या दक्षिणेला धारूरकडे चढत जाणाऱ्या बालाघाटाच्या डोंगरांवर जे रान आहे, ते उष्ण कटिबंधातले कोरडे, पानगळीचे आणि काटेरी झुडपांचे रान आहे. पावसाळ्यात ते दाट दिसते; पण फेब्रुवारी-मार्चपासून पाने झडतात, ओढे आटतात आणि डोंगर उघडा पडतो. लपून शिकार करणाऱ्या प्राण्यासाठी हे सर्वांत कठीण दिवस.

याच दिवसांत कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस मात्र हिरवागार असतो. आत शिरले तर दोन हातांवरचे दिसत नाही. गारवा असतो, पाणी असते, रानडुकरे असतात आणि शेजारच्या वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या असतात. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने उभा राहतो. मादीचा गर्भकाळ साधारण तीन-साडेतीन महिन्यांचा आणि बछडी आईसोबत दीड-दोन वर्षे राहतात. म्हणजे एका उसाच्या आयुष्यात बछड्यांचे बहुतेक बालपण सरते. उसात जन्मलेल्या पिल्लासाठी ऊस हेच रान असते. ते जंगलातून ‘भरकटून’ आलेले नसते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. तिच्यावरून एकेक जनावर ओळखता येते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले. हा भाग शेतीचा, आणि तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये ३०० हून अधिक माणसे राहत होती.

हे बिबटे खातात काय, हे त्यांच्या विष्ठेतल्या केसांवरून तपासले गेले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि वस्तीजवळच्या प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या गावात भरपूर असूनही त्यांचे प्रमाण कुत्र्यांच्या तुलनेत खूपच कमी होते, कारण शेळी रात्री बंदिस्त असते आणि कुत्रे मोकळे. बिबट्या वस्तीजवळ येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठी. गळ्यात जीपीएस पट्टे बांधून केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. दिवसा दडून राहणारा बिबट्या रात्री घरांच्या अगदी जवळून जातो आणि माणसाची चाहूल टाळतो.

देशपातळीवरच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. ही मोजणी प्रामुख्याने वनक्षेत्रातली आहे. उसात राहणारे बिबटे या आकड्यात फारसे येत नाहीत.

पिंजरा लावला, आणि पुढे?

बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची. पकडा आणि दूर जंगलात सोडा. हे इतके साधे वाटते की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. जुन्नर वनविभागात नेमके हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले.

१९९३ ते २००१ या काळात तिथे बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाली. २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावरच्या जंगलांत सोडले गेले. त्यानंतर हल्ले कमी व्हायला हवे होते. ते वर्षाला सरासरी १७ वर गेले. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने बिबट्याविषयीचे सरकारी धोरण बदलायला मदत केली.

असे का झाले असावे? प्रौढ बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसे कोणत्या वाटेने कधी जातात, हे त्याला पाठ असते, म्हणून तो माणसाला चुकवू शकतो. पिंजऱ्यात अडकलेला, जखमी झालेला, माणसांच्या गर्दीने बिथरलेला हाच बिबट्या अनोळखी रानात सोडला, की ही सगळी माहिती निरुपयोगी ठरते. तो परत निघतो आणि वाटेत अनोळखी गावांतून जातो. ‘आजोबा’ नावाने प्रसिद्ध झालेल्या बिबट्याने ते दाखवून दिले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेल्या या नराला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले, आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. दुसरीकडे, त्याची मूळ जागा रिकामी राहत नाही. तिथे नवा, बहुधा तरुण बिबट्या येतो, ज्याला त्या गावाची रीत माहीत नसते.

याचा अर्थ माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या बिबट्यालाही हात लावू नये, असा नाही. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात माणसांचे बळी गेले. पुढे करमाळा तालुक्यात बिबट्याला गोळी घालण्यात आली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बळी गेल्यावर लोक रस्त्यावर उतरले. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला सहजीवनाचे धडे देणे क्रूरपणाचे आहे. अशा जनावराचा बंदोबस्त करावाच लागतो. पण केवळ दिसला म्हणून पकडलेला प्रत्येक बिबट्या धोका कमी करतोच असे नाही, उलट वाढवूही शकतो, हे जुन्नरने दाखवले आहे.

कोपीतली रात्र

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फड तुटल्यावर बिबट्या कुठे जातो? बहुतेकदा शेजारच्या उभ्या उसात. म्हणजे टोळी उद्या किंवा परवा जिथे कोयता घेऊन उतरणार, तिथेच. नोव्हेंबर ते एप्रिल हा तोडणीचा हंगाम म्हणजे बिबट्याचा आडोसा रोज थोडा थोडा आकसत जाण्याचा काळ. त्याच काळात शेकडो कुटुंबे दार नसलेल्या कोप्यांत उसाच्या कडेला झोपतात, पहाटेच्या अंधारात उठतात आणि आडोशाला उघड्यावर जातात.

बिबट्याचे भक्ष्य साधारणपणे १० ते ४० किलो वजनाचे, जमिनीलगतचे असते. उभ्या माणसाला तो सहसा भक्ष्य समजत नाही. वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान मूल यांच्या बाबतीत मात्र त्याची गफलत होऊ शकते. म्हणून काही गोष्टी टोळीला ठाऊक हव्यात:

• संध्याकाळपासून उजाडेपर्यंत लहान मुलांना एकटे सोडू नये. फडाच्या कडेला बाळाची झोळी बांधली असेल तर जवळ मोठे माणूस हवे.

• झोपताना मुले मध्ये आणि मोठी माणसे कडेला. शेळ्या-कोंबड्या कोपीला लागून उघड्यावर बांधू नयेत. शिळे अन्न आणि मेलेली कोंबडी जवळ टाकू नये. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

• अंधारात बाहेर जाताना दोघे-तिघे, हातात बॅटरी आणि काठी. बोलत, आवाज करत जावे.

• फड चहूबाजूंनी एकाच वेळी तोडत आणू नये. एका बाजूने तोडत जावे, म्हणजे जनावराला दुसऱ्या बाजूने निघून जाता येते.

• बिबट्या समोर आला तर पळू नये, खाली वाकू नये. उभे राहून त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. गर्दी करून घेरू नये.

• चावा किंवा ओरखडा लागला तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने निदान १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. रक्तस्राव जोराचा असेल तर आधी स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. वन्य प्राण्याच्या चाव्यात धनुर्वाताच्या लशीबरोबर रेबीजची लस आणि जखमेत द्यायचे प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते.

बछडी सापडली तर

तोडणीत अनेकदा बछडी सापडतात. मांजराच्या पिल्लाएवढी, डोळे जेमतेम उघडलेली. ती अनाथ नसतात. आई जवळच्या उसात अंधार पडण्याची वाट पाहत असते. पिल्ले उचलून गावात नेली, की ती त्यांना शोधत वस्तीत येते आणि तेव्हाची मादी सर्वांत धोकादायक. म्हणून तिथली तोड थांबवावी, पिल्लांना हात लावू नये आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रातले पशुवैद्यक आणि वनकर्मचारी अशी बछडी तपासून त्याच जागी ठेवतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. अशा अनेक भेटी कॅमेऱ्यांनी टिपल्या आहेत.

या सूचनांतल्या निम्म्या गोष्टी मजुराच्या हातात नाहीत, हेही मान्य करायला हवे. बंद होणारे दार, दिवा आणि शौचालय हे कोपीत राहणाऱ्याने नव्हे, तर ज्यांच्यासाठी ऊस तोडला जातो त्यांनी पुरवायचे आहे. टोळीशी करार करताना उचल किती, हे ठरते. राहण्याची जागा फडापासून किती लांब, तिथे वीज आहे का, हेही त्याच वेळी ठरले पाहिजे.

तेलगावला स्वतःचा साखर कारखाना आहे, माजलगाव धरणाच्या पाण्यावर आसपास ऊस वाढतो आहे आणि मागे बालाघाटाचे रान आहे. जुन्नरला ऊस, पाणी आणि डोंगर एकत्र आल्यावर जे घडले, त्याची शक्यता इथेही नाकारता येत नाही. फरक इतकाच की जुन्नरला हे सगळे चुकतमाकत शिकावे लागले. आपल्याला ते आयते उपलब्ध आहे. यंदा ट्रॉल्या निघण्याआधी मुकादमांच्या बैठकीत ते सांगायला अर्धा तास पुरेल.