शंखाचे निळे रक्त

"शंखापासून केलेले औषध आपल्याला चालेल काय?" असे एका आजीबाईंनी मला विचारले.

जपानकडील समुद्रातील रापाना ही शंखगोगलगाय १९४७ साली काळ्या समुद्रात आढळली. पुढे तिने तेथील कालवे फस्त केली. तिच्या रक्तातील हिमोसायनिन हे प्रथिन तांब्याच्या योगे प्राणवायू वाहते, म्हणून ते रक्त निळे. हे प्रथिन प्रतिकारशक्ती जागवते. बल्गेरियातील शास्त्रज्ञ कर्करोगावर त्याचे प्रयोग करीत आले आहेत.

पंख-खवले नसलेले जलचर आपण खात नाही. परंतु सुई टोचून घेणे म्हणजे खाणे नव्हे, आणि जीव वाचवणे ही थोर मित्स्वा. मात्र परिचारिका म्हणून सांगते: असे प्राणी कधीच न खाल्ल्याने आपल्याला त्यांची ॲलर्जी आहे की नाही, हे आपणांस ठाऊक नसते. तेवढे डॉक्टरांना अवश्य सांगावे.