विश्लेषण : दुर्मीळ आजारात औषधाचा गुण मोजायचा कसा?

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी) या आजारावरील 'अटाल्युरेन' या औषधाला युरोपने २०१४ मध्ये सशर्त मंजुरी दिली आणि मार्च २०२५ मध्ये तिचे नूतनीकरण नाकारले. औषध मुलांना उपयोगी पडते की नाही, हे ठरवायला इतकी वर्षे का लागली? त्याचे एक कारण मोजमापात दडलेले आहे.

आजार काय आहे?
जनुकीय दोषामुळे शरीरात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही आणि स्नायू क्षीण होत जातात. आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. उपचार नसतील तर बहुतेकांचे चालणे बाराव्या वर्षाच्या सुमारास थांबते.

चाचणीत काय मोजले?
सहा मिनिटांत मूल किती मीटर चालते, हे. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २३० मुले होती. ४८ आठवड्यांनंतर अटाल्युरेन घेणारी मुले आणि औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय मात्रा घेणारी मुले यांच्यात सरासरी १३ मीटरचा फरक दिसला. तो निव्वळ योगायोगही असू शकत होता. मात्र सुरुवातीला ३०० ते ४०० मीटर चालणाऱ्या मुलांमध्ये हा फरक सुमारे ४३ मीटर होता.

असे का घडते?
चांगले चालणारी मुले वर्षभरात फारशी खालावत नाहीत. लहान मुलांचे चालणे तर वाढीच्या वयामुळे काही काळ सुधारतेही. त्यामुळे औषधाने घसरण रोखली का, हे या मुलांमध्ये दिसत नाही. चालणे थांबल्यावर चाचणीच निरुपयोगी ठरते. अर्थात, एका गटातील फरक पुरेसा पुरावा नसतो. पुढील अभ्यासांतूनही परिणामकारकता सिद्ध झाली नाही, असा निष्कर्ष युरोपीय औषध संस्थेच्या समितीने काढला.

पर्याय कोणते?
'नॉर्थ स्टार' मोजपट्टीत उभे राहणे, उडी मारणे, जमिनीवरून उठणे अशा १७ कृतींना शून्य ते दोन गुण मिळतात; एकूण गुण ३४. चालणे थांबलेल्या मुलांसाठी खांदा, कोपर आणि बोटांची क्षमता तपासणारी 'पीयूएल' मोजपट्टी आहे. 'पेडी-कॅट' ही संगणकावरील प्रश्नावली पालक भरतात. जेवणे, कपडे घालणे, घरात वावरणे मुलाला कितपत जमते, हे त्यातून कळते.

निवड कशी करावी?
तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. मूल आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे? चाचणीच्या काळात त्या मापात बदल दिसेल का? आणि त्या बदलाने मुलाच्या दिनक्रमात काही फरक पडेल का? दुर्मीळ आजारात चाचणीसाठी मुलेच कमी मिळतात. माप चुकले तर ती चाचणी पुन्हा घेणे सोपे नसते. चाकाच्या खुर्चीवरील मुलाला स्वतःच्या हाताने घास तोंडापर्यंत नेणे आणखी दोन वर्षे जमले, तर घरच्यांसाठी तो मोठा गुण असतो. चालण्याच्या चाचणीत त्याची नोंदच होणार नाही.